मनेलीचं पुस्तक मानायचं की त्याच्या तारा?

जुनेकागद: परवाची एक पोस्ट: ‘१९६३ मध्ये व्हिएतनामात शांतता दारात आली होती, अमेरिकेने दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष दिएम याचा काटा काढून ती घालवली. पुरावा हवा तर मनेली वाचा.’ खाली सगळे माना डोलावतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

मिएचिस्लाव मनेली वॉर्सा विद्यापीठात कायद्याचा प्राध्यापक आणि १९६३ साली व्हिएतनामात युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगावर (सदस्य भारत, कॅनडा, पोलंड) पोलंडचा प्रमुख. २ सप्टेंबरला तो सायगावात दिएमचा भाऊ न्हू याला भेटला. उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये वाटाघाटी जुळत होत्या, हा सगळा डोलारा त्या एका भेटीवर उभा आहे. पुस्तक आलं १९७१ मध्ये, अमेरिकेतून. मधे पोलंडमध्ये १९६८ची ज्यूविरोधी मोहीम झाली, त्याला देश सोडावा लागला. मार्गारेट ग्नॉइन्स्का यांनी २००५ मध्ये त्याच्या वॉर्साशी झालेल्या सांकेतिक तारा इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. मध्यस्थी कर असं वॉर्साने त्याला कुठेही सांगितलेलं नाही. पुस्तकातला मनेली मात्र वाटाघाटींच्या मधोमध उभा. आठ वर्षांनी आठवून लिहिलेल्या प्रकरणापेक्षा त्या दिवशीचा कागद मी मानतो.

अनुराधा_सातारा: आणि तो कागद जातोय कुणाला? पोलंडच्या कम्युनिस्ट गोमुल्का सरकारला! वरिष्ठांना पाठवलेल्या कागदात माणूस खरं लिहितो, असं सरकारी नोकरी केलेलं कुणी म्हणणार नाही. मी जिल्हा परिषदेत होते. अर्धा रस्ता ओढ्यात गेलेला आणि अहवालात ‘किरकोळ दुरुस्ती आवश्यक’. ऑशविट्झमधून वाचलेला माणूस, ज्याला पुढे स्वतःच्याच देशाने हाकललं, त्याने मोकळ्या हवेत लिहिलं ते खोटं आणि भीतीत लिहिलं ते खरं?

जुनेकागद: खोटं म्हटलेलं नाही. मोठं करून सांगितलं, असं म्हणतोय. ओढा मधे आणू नका.

अनुराधा_सातारा: भेटीचा गवगवा १८ सप्टेंबरलाच अमेरिकन पत्रकार जोसेफ आलसॉपच्या स्तंभाने केला होता, मनेलीने नाही. आणि २ नोव्हेंबरला लष्करी उठावात दोघे भाऊ मारले गेले. वाटाघाट किती पुढे गेली असती हे तारांवरून तुम्हाला तरी कसं कळणार?

फौजीचामुलगा: दोघेही पोलंडवर भांडताय. आयोगाचा अध्यक्ष भारताचा होता हो! रामचंदर गोबर्धन. २५ ऑगस्टच्या समारंभात मनेलीला न्हूपुढे नेणाऱ्या राजदूतांत ते होते, मनेलीनेच लिहिलंय. माझे वडील लष्करातून या आयोगावर हनोईला होते. १८ ऑक्टोबर १९६५ला लाओसमधल्या व्हिएंत्यानहून हनोईला निघालेलं आयोगाचं विमान १३ जणांसह गायब झालं, आजपर्यंत सापडलेलं नाही. त्यात वडिलांच्या ओळखीचे लोक होते. त्यांची आठवण कोण काढतं?

तटस्थ_नाही: आठवण जरूर काढावी, पण त्या आयोगाने केलं काय? फिरायचं आणि निषेध नोंदवायचा. नुसती शोभेची बाहुली.

फौजीचामुलगा: शब्द जपून वापरा. जून १९६२चा अहवाल वाचलाय? भारत आणि कॅनडाने मिळून उत्तरेच्या घुसखोरीवरही बोट ठेवलं आणि अमेरिकेच्या लष्करी मदतीवरही. विरोधी मत पोलंडने दिलं. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आमच्या लोकांनी. परत आल्यावर पेन्शनच्या वेळी वडिलांच्या त्या नोकरीची नोंदच सापडेना, आई कागद घेऊन हेलपाटे घालत राहिली.

तटस्थ_नाही: अहवाल चांगला होता, मान्य. त्याने एक बंदूक तरी थांबली का?

फौजीचामुलगा: बंदुका थांबवायला फौज लागते. यांच्याकडे जीप आणि टाइपरायटर होते. घरबसल्या बोलणं सोपं आहे.

अनुराधा_सातारा: दादा, वडिलांची पत्रं आहेत का त्या काळातली?

फौजीचामुलगा: आहेत, निळी आंतर्देशीय. विमान गेलं त्याच महिन्याचंही आहे. ‘सर्व कुशल. इथे थंडी पडू लागली. धाकट्याच्या दाताचं काय झालं?’ विमानाचा उल्लेख नाही.

अनुराधा_सातारा: जुनेकागद, वाचताय ना? हाही त्या दिवशीचाच कागद.

जुनेकागद: वाचतोय. घरच्या पत्राला आणि खात्याच्या तारेला एकच माप लावता येत नाही, यावर मी ठाम आहे. पण तार लिहिणाराही काही गाळतो, इतकं मान्य करतो. पुस्तक एकटं पुरावा होत नाही, हे तुम्हीही मान्य करा.

अनुराधा_सातारा: एकटं नाही. पण रद्दीही नाही.

जुनेकागद: मग तिसरा कागद बघू. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गोबर्धन यांनी दिल्लीला काय कळवलं, ते इथे कुणी वाचलंय का?