शाकुंतलातला शाप: कालिदासाने दुष्यंताला सोडवलं का?

जास्वंद
आमच्या वाचनगटात कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ हे नाटक चालू आहे. पाचवा अंक संपला त्या रात्री मी महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतलेची मूळ गोष्ट, शकुंतलोपाख्यान, काढून बसले आणि माझा संतापच झाला. महाभारतात शाप नाही, अंगठी नाही. शकुंतला मुलाला घेऊन भर सभेत उभी राहते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो साफ नाकारतो. ती त्याला सुनावते: दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत असून दिसत नाहीत. आकाशवाणी झाल्यावर तो कबूल करतो, की ठाऊक होतं, पण लोक शंका घेतील म्हणून गप्प राहिलो.

कालिदासाने हा खोटेपणाच काढून टाकला. राजा खोटं बोलत नाही, त्याला आठवतच नाही. आणि का आठवत नाही? तर शकुंतला त्याच्या विचारात गढून गेली, दारात आलेल्या दुर्वासांकडे तिचं लक्ष गेलं नाही, म्हणून त्यांनी शाप दिला, की तो तुला विसरेल! राजाचा गुन्हा उचलून तिच्या पदरात घातला. महाभारतातली शकुंतला लग्नाआधी अट घालते, माझाच मुलगा युवराज होईल. नाटकातली कमळाच्या पानावर नखांनी प्रेमपत्र लिहिते. मला ही सरळ सरळ राजाची पाठराखण वाटते.

सूत्रधार
नायक धीरोदात्त, म्हणजे धीरगंभीर आणि उदात्त, हवा, ही त्या काळच्या नाटकाची चौकट होती, हे एक कारण झालं. पण तेवढ्यावर थांबलात तर कालिदासाची कारागिरी हातातून निसटेल. महाभारतातल्या प्रसंगात एक खरं बोलतो, एक खोटं. नाटकात दोघंही खरं बोलतात आणि तरी एकमेकांना खोटं ठरवतात. शाप फक्त प्रेक्षकाला आणि दोन सख्यांना माहीत आहे.

तो प्रसंग सावकाश वाचा. शकुंतला राजाने दिलेली अंगठी दाखवायला जाते, तर बोट रिकामं. तिच्यासोबत आलेली आश्रमातली वडीलधारी गौतमी म्हणते, शचीतीर्थाला वंदन करताना पडली असेल. मग शकुंतला एक आठवण सांगते. वेलींच्या मांडवात राजाच्या हाती कमळपानाच्या द्रोणात पाणी होतं. दीर्घापांग नावाचं हरणाचं पाडस त्याच्या हातून पाणी पिईना, तिच्या हातून प्यायलं. तेव्हा राजा हसून म्हणाला होता, तुम्ही दोघं रानातलीच, म्हणून त्याचा तुझ्यावर विश्वास. त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नसलेली ही गोष्ट, आणि समोरचा माणूस ती बायकी लबाडी म्हणून झटकतो. शाप नसता तर हा प्रसंग निव्वळ भांडण झाला असता.

कोरांटी
तुम्ही दोघंही हंसपदिकेला, राजाच्या अंतःपुरातल्या त्या राणीला, विसरलात. शकुंतला दरबारात यायच्या आधी आतून तिचं गाणं ऐकू येतं: नव्या मधाला लोभावलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराचं चुंबन घेतलंस आणि आता कमळात रमून त्याला विसरलास? त्यावर राजा विदूषकाला काय सांगतो? हिच्यावर मी एकदाच प्रेम केलं, त्याचा हा टोमणा. म्हणजे विसरायला या माणसाला कुणा ऋषीचा शाप लागत नाही. पहिल्या अंकात शकुंतलेच्या तोंडाभोवती भुंगा फिरतो, तिथपासून कालिदास हे पेरत आलाय. शाप हे वरचं कथानक. खालून हे गाणं चालू आहे. राजाला वाचवायचंच असतं तर हे गाणं नेमकं त्याच जागी कशाला ठेवलं असतं?

जास्वंद
हंसपदिकेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी तो प्रवेश घाईत वाचला होता. पण मग सातवा अंक बघा. मारीच ऋषी शापाचं सांगतात आणि राजा निःश्वास सोडून म्हणतो, चला, दोषातून सुटलो. तिच्या मनात मात्र येतं, बरं झालं, यांनी मला विनाकारण टाकलं नव्हतं. पण मला शाप झाल्याचं आठवत नाही, असंही तिला वाटतं. सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर राजा तळमळतो हे खरं, पण ही सुटका त्याला आयती मिळते आणि ती गप्प बसते. यावर बोला.

रानवाट
कॉलेजात मी शकुंतलेची सखी प्रियंवदा केली होती, म्हणून तिच्या बाजूने लिहिते. शाप ऐकल्यावर सख्या ठरवतात, शकुंतलेला सांगायचं नाही. उकळतं पाणी नवमालिकेच्या नाजूक वेलीला कोण घालील, असं प्रियंवदेचं वाक्य आहे. अंगठी पाहिली की शाप सुटणार हे त्यांना ठाऊक असतं, तरी पाठवणीच्या वेळी त्या एवढंच म्हणतात, राजाने ओळखायला उशीर केला तर अंगठी दाखव. शकुंतला दचकते, तुमच्या या शंकेने अंगावर काटा आला म्हणते, आणि त्या हसून वेळ मारून नेतात. तालमीत दर वेळी माझा घसा तिथेच दाटायचा. मायेपोटी लपवलेलं पुढे तिच्या जिवावर येतं. शापापेक्षा मला हे जास्त मोठं वाटतं.

आणखी एक. आपल्याकडे ‘तत्रापि च चतुर्थोऽङ्कः’ (त्यातही चौथा अंक सरस) म्हणत चौथ्या अंकाचे एवढे गोडवे गायले गेले, की पाचवा झाकोळला. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पहिल्यांदा झालं, तेव्हा पहिले चारच अंक झाले होते. प्रेक्षक पाठवणीचे अश्रू पुसत घरी गेले असतील. दरबार त्यांनी पाहिलाच नाही.

सूत्रधार
जास्वंद, ती गप्प बसते हे पूर्ण खरं नाही. पाचव्या अंकात ती राजाला ‘अनार्य’ म्हणते, गवताने झाकलेली विहीर म्हणते. आणि सातव्यात मुलगा विचारतो, आई, हा कोण? ती ‘तुझे बाबा’ म्हणत नाही. म्हणते, बाळा, तुझ्या नशिबाला विचार. त्यानंतर राजा तिच्या पायावर पडतो.

जास्वंद
ही ओळ आता परत काढून वाचली. शनिवारी गटात सातवा अंक पुन्हा घ्यायला लावते. शापाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण त्या दिवशी सुरुवात या ओळीपासून करू.