स्पेनमध्ये बिअर कशी मागवावी आणि तिच्याविषयी स्पॅनिशमध्ये काय बोलावे?

वाळूजकर (प्रश्न)

नमस्कार. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. नव्या यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी कंपनी मला आणि माझ्या एका सहकाऱ्याला येत्या उन्हाळ्यात स्पेनमधील सारागोसा या शहरी पाठवणार आहे. छत्रपती संभाजीनगरात मी स्पॅनिशचा प्राथमिक वर्ग पूर्ण केला असून यंत्रांविषयीची वाक्ये बऱ्यापैकी जमतात. मात्र तिकडून आलेल्या अभियंत्यांशी बोलताना असे कळले की पाळी संपल्यावर सगळे जण जवळच्या बारमध्ये थोडा वेळ थांबतात आणि कामाच्या निम्म्या गोष्टी तिथेच उभ्याउभ्या ठरतात.

आमच्या पाठ्यपुस्तकात ‘किस्येरा ऊना सेर्बेसा, पोर फाबोर’, म्हणजे ‘कृपया, मला एक बिअर हवी होती’, एवढे एकच वाक्य आहे. ते म्हटल्यावर पुढे कोणता प्रश्न येईल, कोणते माप मागावे, पैसे कोणी व कधी द्यायचे, चवीविषयी दोन वाक्ये बोलायची झाल्यास ती कशी जुळवावीत, याची काहीच कल्पना नाही. आमचे वर्ग इंग्रजीतून चालतात आणि माझे इंग्रजी बेताचेच असल्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा उलथावे लागते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदातीर, नांदेड

आपण इंग्रजी मध्ये आणूच नका, असे मी सर्वप्रथम सुचवेन. मी काही वर्षे स्पॅनिश शिकवते आहे. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी जिथे महिनाभर अडखळतो, त्यातील निम्म्या जागा मराठी माणसाला आधीच पाठ असतात, आणि बिअरविषयीच्या गप्पा तर नेमक्या त्याच जागांवर उभ्या आहेत.

‘मला बिअर आवडते’ हे वाक्य घ्या. यात कर्ता ‘मी’ नाही, ‘बिअर’ आहे. क्रियापद तिच्यामागे जाते आणि आपण ‘मला’ होऊन बाजूला उभे राहतो. स्पॅनिशमध्ये अगदी हीच रचना आहे: ‘मे गुस्ता ला सेर्बेसा’. बिअर अनेकवचनी झाली की आपण ‘मला काळ्या बिअर आवडतात’ म्हणतो आणि ते ‘मे गुस्तान लास सेर्बेसास नेग्रास’ म्हणतात. ‘तुला आवडते का?’ हे ‘ते गुस्ता?’ होते, ‘आम्हाला आवडते’ हे ‘नोस गुस्ता’ होते. इंग्रजीत ‘मी’ कर्ता असल्यामुळे तिकडून आलेला विद्यार्थी ‘यो गुस्तो’ म्हणतो आणि समोरचा गोंधळतो. आपण मराठीतून सरळ उतरलात तर ही अडचण येणारच नाही.

लिंगाचेही तसेच आहे. बिअर आपल्याकडे स्त्रीलिंगी आणि त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘काळी’ ती ‘नेग्रा’, ‘थंडगार’ ती ‘फ्रीआ’, ‘आणखी एक’ ती ‘ओत्रा’. ग्लास पुल्लिंगी आणि ‘बासो’ही पुल्लिंगी. विशेषण नामाप्रमाणे बदलते ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मराठी जिथे मदत करत नाही ती जागा म्हणजे ‘आहे’. आपल्याकडे एक ‘आहे’ पुरते, त्यांना दोन लागतात. वस्तूचा स्वभाव सांगायचा असेल तर ‘एस’ आणि या क्षणीची अवस्था सांगायची असेल तर ‘एस्ता’. ‘एस आमार्गा’ म्हणजे ही बिअर जातीचीच कडवट आहे. ‘एस्ता फ्रीआ’ म्हणजे आत्ता हातात आलेली थंड आहे. चांगली लागली हे सांगताना ‘एस्ता मुय ब्वेना’ म्हणावे. मात्र उन्हाळ्यात स्वतःला उकडत असल्याचे सांगण्यासाठी ‘एस्तोय काल्येंते’ कधीही म्हणू नये, कारण त्याचा अर्थ चारचौघांत न सांगण्यासारखा होतो. तिथे ‘तेंगो कालोर’ हेच म्हणावे. सारागोसाचा उन्हाळा पाहता या वाक्याची आपल्याला रोज गरज पडेल.

उच्चारांविषयी थोडेसे. त, द, प, क हे आपले वर्ण जसेच्या तसे वापरावेत. इंग्रजी शाळेतून आलेले ‘ट’ आणि ‘ड’ विसरावेत. लिहिताना ‘व्ही’ दिसला तरी उच्चार ‘ब’ चा होतो. स्पेनच्या बहुतेक भागांत ‘सेर्बेसा’ ऐवजी ‘थेर्बेथा’ असा, जीभ दातांमध्ये ठेवून केलेला उच्चार ऐकू येतो. सारागोसालाही ते ‘थारागोथा’ म्हणतात. आपण ‘स’ म्हटले तरी काही बिघडत नाही, संपूर्ण लॅटिन अमेरिका तसेच बोलते.

जालनेकर

ताईंनी व्याकरण उत्तम सांगितले आहे. पोलाद उद्योगाच्या निमित्ताने माझे काही काळ उत्तर स्पेनमध्ये वास्तव्य होते, त्यामुळे बारमधला व्यवहार मी सांगतो.

‘किस्येरा ऊना सेर्बेसा’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते सरकारी अर्जातल्या ‘विनंती की’ सारखे वाटते. तिथे आत शिरताना ‘ब्वेनास’ म्हणून सर्वांना एक सलाम ठोकायचा, काउंटरशी उभे राहायचे आणि बारवाल्याची नजर मिळाली की ‘मे पोनेस ऊना कान्या?’ म्हणजे ‘एक छोटी बिअर देतोस का?’ असे विचारायचे. तो कामात असेल तर शेवटी ‘क्वांदो प्वेदास’, म्हणजे ‘सवड झाली की’, एवढे जोडावे. बारवाल्याला अरे-तुरे केल्यासारखे आपल्या कानाला खटकेल, परंतु तिथे तीच रीत आहे. वयाने बराच मोठा असलेला बारवाला असेल तर ‘मे पोने’ असे आदरार्थी रूप वापरावे, तेही चालते. ‘पोर फाबोर’ (कृपया) आणि ‘ग्रास्यास’ (धन्यवाद) हे शब्द आपल्या अपेक्षेपेक्षा कमी ऐकू येतात. त्यात उद्धटपणा नसतो, सौजन्य आवाजाच्या सुरात असते.

नुसते ‘सेर्बेसा’ मागितले की ‘कोणते माप?’ हा प्रश्न हमखास येतो, म्हणून माप आधीच सांगावे. ‘कान्या’ म्हणजे नळावरून भरलेला साधारण २०० मिलिलिटरचा छोटा ग्लास. त्यातील अक्षर आपल्या वर्णमालेतला ‘ञ’ आहे, तो नीट उच्चारावा. ‘काना’ म्हटले तर पिकलेला केस मागितल्यासारखे होते, जरी बारवाला तुम्हाला बिअरच देईल. ‘तेर्स्यो’ म्हणजे ३३० मिलिलिटरची बाटली, म्हणजे आपल्या परमिट रूममधला पाइंट. २०० मिलिलिटरच्या बाटलीला ‘किंतो’ म्हणतात. माद्रिदमध्ये मोठा ग्लास हवा असेल तर ‘दोब्ले’ म्हणतात. दांड्याचा मोठा मग हवा असेल तर ‘खार्रा’ म्हणावे. किनवट-माहूरकडच्या मंडळींना हा शब्द ऐकून तंबाखू-सुपारीचा ‘खर्रा’ आठवेल, पण तिथे तो निर्धोक आहे. बास्क प्रांतात गेलात तर लहान ग्लासाला ‘सुरितो’ म्हणतात आणि तिथली ‘कान्या’ मोठी असते. आपल्याकडची ६५० मिलिलिटरची बाटली टेबलावर ठेवून दोन तास बसण्याची सवय तिथे मोडावी लागते, कारण बिअर गरम होण्याआधी संपवून पुढच्या बारकडे निघायचे असते.

एक गोष्ट मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. चांगला बारवाला ग्लास आधी थंड पाण्याने विसळतो, मग तो नळाखाली तिरका धरतो, तीन चतुर्थांश भरला की सरळ करतो, क्षणभर थांबतो आणि शेवटी नळ उलट बाजूला किंचित ढकलून वर दाट साय धरावी तसा फेस धरतो. या कामाला ‘तिरार ला कान्या’ म्हणतात. वर दोन बोटे फेस असणे हा तिथे दोष नसून कौशल्य मानले जाते, तेव्हा ‘फेस फार आहे, भरून द्या’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. उलट ‘के ब्येन तिरादा!’ म्हणजे ‘काय सुरेख भरली आहे!’ असे म्हटलेत तर पुढची बशी लवकर येईल.

बशीचा विषय निघालाच आहे तर चखण्याचेही सांगतो. ग्रानादा, आल्मेरिया, लेओन अशा काही शहरांत बिअरसोबत ‘तापा’ फुकट येतो. सारागोसात तो बहुधा विकत घ्यावा लागतो. तिथल्या ‘एल तूबो’ नावाच्या अरुंद गल्ल्यांमध्ये प्रत्येक बारचा एखादाच खास पदार्थ असतो आणि लोक एकाच ठिकाणी न बसता एकेक करत पुढे सरकतात.

पैसे शेवटी द्यायचे. ‘मे कोब्रास?’ किंवा ‘के ते देबो?’ म्हटले की हिशेब होतो. प्रत्येकाने आपापले मोजायचे नसते. एका फेरीचे एकाने, पुढच्या फेरीचे दुसऱ्याने, असा क्रम असतो आणि कोणी सांगत नसले तरी सर्वांच्या लक्षात असतो. म्हणून दुसऱ्या फेरीला न चुकता ‘एस्ता ला पागो यो’ म्हणजे ‘ही माझ्याकडून’ असे म्हणावे. माझ्या मते व्याकरणाच्या सगळ्या नियमांपेक्षा या एका वाक्याने आपली अधिक चांगली ओळख होईल. टीप देणे बंधनकारक नाही.

वाळूजकर

दोघांचेही मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे. माझा सहकारी माळकरी असल्यामुळे तो मद्यही घेत नाही आणि मांसाहारही करत नाही. त्याला न अवघडता सोबत उभे राहता येईल असे काही आहे का?

गोदातीर, नांदेड

बिनअल्कोहोलच्या बिअरच्या बाबतीत स्पेन युरोपात आघाडीवर आहे, त्यामुळे ‘ऊना सिन’ एवढे दोनच शब्द पुरतात आणि कोणी कारण विचारत नाही. मात्र त्यातील काही प्रकारांत अल्पसा अंश असू शकतो. तो मुळीच नको असेल तर बाटलीवर ‘०,०’ लिहिलेली, म्हणजे ‘सेरो सेरो’ मागावी. माळ जपणाऱ्या माणसाला बिअरचे नावही नको असेल तर ‘उन मोस्तो’, म्हणजे न आंबवलेला द्राक्षरस, हा फार चांगला पर्याय आहे.

‘क्लारा’ हा शब्द मात्र त्यांनी टाळावा. ती बिअरमध्ये लिंबू सरबत किंवा गोड सोडा मिसळून करतात, म्हणजे मद्य त्यात असतेच.

जेवणाबाबत ‘सोय बेखेतारियानो’ एवढ्यावर थांबू नये. काही ठिकाणी शाकाहारी म्हणून ट्यूना मासा घातलेले सॅलड समोर येते. ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’, म्हणजे ‘मी मांस, मासे आणि हॅम खात नाही’, असे तिन्ही स्पष्ट सांगावेत. ‘आसेइतुनास’ म्हणजे ऑलिव्ह आणि ‘पातातास ब्राबास’ म्हणजे तिखट रश्शातील बटाटे बहुधा चालतात. अंडे चालत नसेल तर ‘तोर्तिया’, म्हणजे तिथले आम्लेट, टाळावा.

प्रयोगशाळा, पैठण रस्ता

मी येथील बिअर कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, त्यामुळे चवीचे शब्द जोडतो. बार्ली म्हणजे ‘सेबादा’, माल्ट म्हणजे ‘माल्ता’, हॉप्स म्हणजे ‘लुपुलो’, यीस्ट म्हणजे ‘लेबादुरा’, फेस म्हणजे ‘एस्पुमा’. ‘साबे आ’ आणि ‘वेले आ’ ही दोन टोके हाताशी ठेवली की बरेच काम होते: ‘साबे आ माल्ता’ म्हणजे माल्टची चव लागते, ‘वेले आ लुपुलो’ म्हणजे हॉप्सचा वास येतो. सौम्य ती ‘स्वाबे’, कडक ती ‘फ्वेर्ते’, तांबूस भाजलेल्या माल्टची ती ‘तोस्तादा’. आपल्याकडे सर्वाधिक खपणारी स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. तिथली रोजची बिअर साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असते. हा फरक सांगितलात तर पहिल्याच दिवशी गप्पांना विषय मिळेल.

सारागोसाची स्वतःची बिअर ‘आंबार’ आहे, तिचा कारखाना १९०० सालापासून त्याच शहरात आहे. तिथे जाऊन बार्सिलोनाची किंवा माद्रिदची बिअर मागणे गुन्हा नाही, पण ‘के सेर्बेसा ऐ दे आकी?’ म्हणजे ‘इथली कोणती आहे?’ असे विचारणे अधिक शोभते.

‘तुमच्या गावी बिअर मिळते का?’ असे आपल्याला नक्की विचारले जाईल. तेव्हा ‘एन मी स्युदाद से आसे मूचा सेर्बेसा’, म्हणजे ‘माझ्या शहरात पुष्कळ बिअर बनते’, असे अभिमानाने सांगा, कारण वाळूज आणि परिसरात बिअरचे मोठे कारखाने आहेत. कारखाना सांगताना ‘फाब्रिका दे सेर्बेसा’ म्हणावे. ‘सेर्बेसेरिया’ म्हटले तर बिअरबार असाही अर्थ घेतला जातो.

त्यापुढचा विषय पाण्याचा, आणि त्यावर सारागोसाचा माणूस तासभर बोलेल. २००१ च्या राष्ट्रीय जलयोजनेत या शहरातून वाहणाऱ्या एब्रो नदीचे पाणी भूमध्य किनाऱ्याकडे वळवण्याचा प्रस्ताव होता, त्याविरुद्ध या शहरात प्रचंड मोर्चे निघाले आणि २००४ मध्ये तो रद्द झाला. २००८ मध्ये पाणी याच विषयावरचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सारागोसात भरले होते. आपणही त्यांना जायकवाडीचे सांगू शकता, वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून दर काही वर्षांनी होणारा वाद सांगू शकता आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली, हेही सांगू शकता. दुष्काळाला ‘सेकीआ’ म्हणतात आणि धरणाच्या जलाशयाला ‘एंबाल्से’. हे दोन शब्द मी कारखान्यात आलेल्या स्पॅनिश तंत्रज्ञांकडून शिकलो, आणि बिअरविषयीच्या गप्पांत ते ‘लुपुलो’पेक्षा जास्त वेळा उपयोगी पडले.

लातूर ते मेक्सिको

केवळ एक सावधगिरी. वरील सर्व शब्द स्पेनचे आहेत. उद्या कंपनीने मेक्सिकोला पाठवले तर ‘कान्या’ मागून उपयोग नाही. तिथे बोलीभाषेत बिअरला ‘चेला’ म्हणतात, जवळपास एक लिटरच्या बाटलीला ‘काग्वामा’ म्हणतात, आणि ‘क्लारा’ म्हणजे लिंबू घातलेली नव्हे तर फिकट रंगाची साधी बिअर. गडद ती ‘ओस्कूरा’. लिंबू, मीठ आणि तिखट सॉस घातलेली हवी असेल तर ‘मिचेलादा’ मागावी. आपल्याकडच्या जिभेला ती पहिल्या घोटातच पटते.

वाळूजकर

सर्वांचे आभार. ‘एस्ता ला पागो यो’ आणि ‘ऊना सिन’ ही दोन वाक्ये आजपासून कारखान्याच्या बसमध्ये सहकाऱ्यासोबत घोकायला घेतो. जालनेकर सर, एल तूबोमध्ये रविवारी संध्याकाळी बार उघडे असतात का, हे माहीत असल्यास कळवावे, कारण आम्ही शनिवारी रात्री उशिरा पोहोचणार आहोत.