डिस्क बसवल्यावर पेडल मऊ : आधी मास्टर बदलायचा की आधी हवा शोधायची?

जीपवाला शेतकरी, अचलपूर तालुका

माझी जुनी महिंद्रा जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असलं की ड्रममध्ये पाणी शिरतं, आणि पुढचे दोन-चार ब्रेक धरतच नाहीत. म्हणून कापूस विकल्यावर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले. गाडी घरी आणली तर पेडल पायाखाली चिखलासारखं. पहिल्या दाबाला अर्ध्याखाली जायचं, तीनदा पंप केलं की वर यायचं. गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) लहान पडतो, मोठा टाका.

माझं स्पष्ट मत आहे की अपग्रेडनंतर मास्टरला हात सगळ्यात शेवटी लावावा. मऊ पेडल आणि लांब जाणारं पेडल ही दोन वेगळी दुखणी आहेत. पायाला टोक लागत नाही, रबर दाबल्यासारखं वाटतं, म्हणजे लाईनीत हवा आहे. लांब जातं पण शेवटी दगडासारखं थांबतं, तर मागचे शू (ड्रमला आतून घासणारे) ड्रमपासून दूर आहेत किंवा मास्टर ऑइल कमी पुरवतो. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खचत गेलं तर कुठे तरी गळती आहे, नाही तर मास्टरमधली रबरी वायसरं गेली.

दोन बाटल्या ऑइल घालून हवा काढली, फरक शून्य. शेवटी चाक खोलून पाहिलं तर हवा काढायचं निप्पल कॅलिपरच्या (डिस्कला पॅडांच्या चिमटीत धरणाऱ्या भागाच्या) खालच्या बाजूला! डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. हवा वर जमणार आणि आपण खालून काढत बसणार, ती निघेल कशी? दोन्ही कॅलिपर आपापल्या बाजूला बसवून घेतले, निप्पल वर आले. मग मास्टरपासून सगळ्यात लांब म्हणून मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. पोरगा पेडलवर, मी पान्यावर. निप्पल बंद झाल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही. अर्ध्या तासात पेडल वर. मास्टर तोच जुना.

मिस्त्री, परतवाडा

भाऊ, निप्पलची गोष्ट सोळा आणे खरी हाय. पण एका गाडीवरून सगळ्याईले सल्ला देऊ नका. ड्रमच्या सिलिंडरचा पिस्टन लहान रायते, कॅलिपरचा मोठा. पिस्टन दुप्पट रुंद झाला तर तेवढाच सरकवाले चौपट ऑइल लागते. थे ऑइल जुना मास्टर कुठून आणीन? आमच्याकडे डिस्क टाकलेल्या गाड्या येतात, हवा पुरी काढली तरी पेडल खालीच. सहा सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मास्टर काढून सात सुताचा टाकला की गिऱ्हाईक खूश.

अन् तुम्ही दोन बाटल्या पंप केल्या, त्याच्यात पेडल तळाले टेकवलं असन. जुन्या मास्टरमध्ये वायसर रोज जेवढं चालते तेवढाच भाग गुळगुळीत रायते, पुढे गंज. पूर्ण दाबलं की वायसर त्या गंजावर घासून फाटते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा लागते. आज चांगलं वाटून रायलं, महिन्याभरानं पाहा.

जीपवाला शेतकरी

ठोकळ्याचं मला माहीत नव्हतं. आजच पेडल धरून बसतो, खचतं का ते पाहतो.

पण सात सुताचं गणित पूर्ण सांगा ना मिस्त्रीभाऊ. सहा सूत आणि सात सूत म्हणजे क्षेत्रफळ 36 ला 49. पेडल तेवढंच खाली गेलं तरी मोठा मास्टर जास्त ऑइल ढकलतो, म्हणून पेडल वर आणि कडक लागतं. पण पायाचा जोर तोच राहिला तर लाईनीतला दाब सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे पेडल कडक आणि गाडी थांबायला पाय जास्त रेटायचा. हे गिऱ्हाइकाला सांगता का? शिवाय डिस्कवर पॅड जवळजवळ टेकलेलाच असतो, पिस्टनला सरकायचं असतं अगदी थोडं. चौपट ऑइल तेवढ्या लांबीला लागेल, सरकणंच कमी असेल तर हिशोब बदलतो.

मिस्त्री, परतवाडा

सांगतो. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) असलेल्या गाडीतच टाकतो, नुसत्या पायावर चालणाऱ्यात नाही. अन् माझं म्हणणं हवा सोडून मास्टर बदला असं नोहे. हवा काढून, मागचे शू सेट करूनही पेडल खाली असन तर मास्टरच. शेवटपर्यंत त्याले हात नका लावू म्हणता, त्याले माझा विरोध हाय.

प्रवासी गाडीचालक, धारणी मार्ग

दोघंही गाडी उभी असतानाचं बोलता. आमचा प्रश्न उताराचा असतो. परतवाड्याकडे घाट उतरताना सकाळी कडक असलेलं पेडल खाली येईस्तोवर मऊ पडतं, ते कोणी पाहत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 205 अंशांवर उकळायला हवं, ओलावा धरलेलं 140 वरही उकळू शकतं. उकळलं की लाईनीत वाफ, वाफ म्हणजे परत हवाच. अर्धी वापरलेली बाटली पावसाळाभर शेडमध्ये ठेवून तीच डिस्कला घालणारे मी पाहिले आहेत. मी दर वर्षी पावसाळा संपला की सगळं ऑइल बदलतो, सीलबंद बाटलीतलं डॉट 4 घालतो आणि उतार गिअरवर उतरतो. मागे बारा माणसं बसलेली असतात, त्यांचा जीव माझ्या पायाखाली आहे.

निवृत्त शिक्षक, दर्यापूर

माझा मूळ कामालाच विरोध आहे. कंपनीने ज्या वजनाला, ज्या मास्टरला, ज्या बूस्टरला धरून ब्रेक बनवले, त्यातला एक भाग बदलला की बाकीचे बिघडणारच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरबदलांवर बंधनं घालतं. अपघात झाला तर विमावाला हेच काढून बसेल. ड्रम चांगले ठेवले, शू वेळेवर सेट केले, पाण्यातून निघाल्यावर हळू चालत ब्रेक दोन-तीनदा दाबून वाळवले, तर जुनी जीप आजही थांबते. आम्ही अशाच गाड्यांवर शाळा तपासणीला फिरलो.

जीपवाला शेतकरी

गुरुजी, वाळवायला रस्ता लागतो. माझ्या शेतातून रपटा ओलांडला की पन्नास पावलांवर वस्ती आहे, पोरं रस्त्यावर खेळत असतात. तिथे ब्रेक पहिल्या दाबालाच लागायला हवा. विमा आणि आरटीओबद्दल तुमचं ऐकतो, आधी तिथे जाऊन विचारतो.

चालकभाऊ, तुमचं वाचून रविवारी सालोन्याकडून घाट उतरून पाहिलं, एकटाच होतो. खाली येईपर्यंत पेडल दोन बोटं जास्त जाऊ लागलं. पुढचं चाक हाताला चटका देत होतं, मागचं कोमट. दाबून धरलं तर पेडल खचत नाही, म्हणजे वायसर शाबूत आहे.

मिस्त्री, परतवाडा

पुढचीच चाकं तापली? मग वेगळीच भानगड. चारही ड्रमवाल्या मास्टरच्या तोंडाशी बारकी वॉल्व्ह असू शकते. लाईनीत दहा पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दाब धरून ठेवते, म्हणजे ड्रमच्या सिलिंडरचे रबरी कप सैल होत नाहीत. डिस्कले थो दाब नको. पॅड घासतच रायते, तापते, ऑइल उकळते. गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक हातानं फिरवा. जड फिरलं तर निप्पल थोडं खोला. ऑइलची चिरकांडी उडून चाक मोकळं झालं तर पुढच्या लाईनीची वॉल्व्ह काढा लागते. मागची राहू द्या, मागे ड्रमच हायेत.

जीपवाला शेतकरी

चाक जड फिरत होतं. निप्पल सैल केलं, चिरकांडी उडाली, चाक मोकळं. उद्या गाडी घेऊन तुमच्याकडेच येतो. मोठा मास्टर टाकायला नाही, वॉल्व्ह काढायला.

मिस्त्री, परतवाडा

या. येताना गाडी हळू आणा, घाटानं नका येऊ. पुढच्या पाइपाचं रबरही पाहू, जुनं असन तर दाबल्यावर फुगते.