सिडेशनची (गुंगीच्या औषधाची) मिनिटं कुठून कुठपर्यंत मोजायची? क्यूएने (आमचे कोड तपासणाऱ्याने) एरर लावलीय

खराडीची_नवखी
मी खराडीत रात्रपाळीला अमेरिकेचं प्रो-फी कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या फीच्या बिलासाठी त्यांच्या कामाला कोड लावते, बहुतेक एंडोस्कोपीचे चार्ट. एका चार्टवरून क्यूएशी वाजलंय. पेशंट ५८ वर्षांचा, खासगी विमा, हॉस्पिटलमध्ये कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी, म्हणजे कोड ४५३८०. सिडेशन स्कोप करणाऱ्या डॉक्टरांनीच दिलंय, लक्ष ठेवायला वेगळी नर्स. तिच्या शीटवर असं आहे:

९:०२ तपासणी, संमती
९:१४ मिडाझोलॅम, फेंटानिल (सिडेशनची औषधं)
९:३३ स्कोप बाहेर
९:३६ पेशंट स्थिर, डॉक्टर गेले
१०:२० घरी सोडलं

मी सिडेशनसाठी नुसता ९९१५२ (पहिली १५ मिनिटं) टाकला. क्यूए म्हणतो, ९:०२ ते १०:२० म्हणजे ७८ मिनिटं, वर ९९१५३ (पुढची दर १५ मिनिटं) चार वेळा हवा होता. रिबटल (एरर मान्य नाही असं उत्तर) आज शिफ्ट संपायच्या आत टाकायचंय. कुणी सांगेल का?

निगडीचा_कोडर
रिबटल बिनधास्त टाक. क्यूएने पेशंट किती वेळ तिथे होता ते मोजलंय, ते कुणी विचारलेलंच नाही. मिनिटं सुरू होतात औषध दिल्यापासून. थांबतात कधी, तर प्रोसिजर संपली, पेशंट रिकव्हरीला न्यायइतका स्थिर झाला आणि डॉक्टर त्याच्यापासून हलले, हे तिन्ही झाल्यावर. संमती, आयव्ही लावणं हे सगळं आधीचं काम, आणि रिकव्हरीत नर्स बसली ते नंतरचं. दोन्ही धरायचं नाही.

तुझे होतात ९:१४ ते ९:३६, म्हणजे २२. १० मिनिटांच्या खाली काहीच लावता येत नाही, १० ते २२ ला फक्त ९९१५२, आणि २३ पासून ९९१५३ एकदा. पहिली १५ आणि पुढच्या पंधरामधली निम्म्याहून जास्त, म्हणजे ८, असा तो हिशेब. ३८ ला दुसऱ्यांदा. तू अगदी काठावर आहेस, पण बरोबर बाजूला.

क्यूए बहुधा अनेस्थेशियाच्या टीममधून आलेला दिसतोय. तिकडची मोजणी निराळी, कोडही निराळे.

मगरपट्टा_नाइटशिफ्ट
एक भर घालतो. हाच पेशंट मेडिकेअरचा (तिकडच्या सरकारी विम्याचा) असता तर ९९१५२ च्या जागी जी०५०० लागला असता. पोटाच्या एंडोस्कोपीत स्वतः सिडेशन देणाऱ्या डॉक्टरसाठी तो २०१७ पासून आहे. आणि हॉस्पिटलमध्ये केलेल्या कामाचे ९९१५३ चे पैसे मेडिकेअर डॉक्टरला देतच नाही. आमच्याकडे त्याचे डिनायल ढिगाने यायचे.

खराडीची_नवखी
दोघांनाही थँक्यू! पण आत्ता नीट बघितलं तर डॉक्टरांच्या नोटमध्ये शेवटी एक ओळ आहे, 'सिडेशनचा एकूण वेळ २५ मिनिटं'. सुरुवात-शेवट काही नाही. मग ९९१५३ एकदा द्यायचा का? टीम लीड म्हणते, डॉक्टरांचं धर आणि मोकळी हो.

निगडीचा_कोडर
हे आधी सांगायचंस की गं. आता ना तुझं धर, ना डॉक्टरांचं. २२ आणि २५ च्या मधून एक अख्खा कोड जातोय, त्यामुळे कुठला आकडा खरा हे आपण ठरवायचं नाही. चार्ट होल्डवर टाक आणि डॉक्टरांना क्वेरी पाठव. कदाचित ते ९:३९ पर्यंत पेशंटजवळ असतील आणि नर्सने आधीच लिहिलं असेल. कदाचित त्यांच्या टेम्प्लेटमध्ये २५ आपोआप येत असेल. हे मी भरपूर पाहिलंय; त्याच डॉक्टरांचे मागचे चार्ट उघड, सगळीकडे २५ दिसले तर समजून जा. तसं असेल तर लीडला दाखव, मामला एका चार्टपुरता राहत नाही.

आणि क्वेरीत 'वेळ २५ मिनिटं होती ना?' असं विचारू नकोस, ऑडिटमध्ये तेच पकडतात. दोन्ही नोंदी जशाच्या तशा लिही आणि औषध कधी दिलं, पेशंटजवळून कधी गेलात, एवढंच विचार. क्यूएच्या चार युनिटचं रिबटल मात्र आजच जाऊ दे, त्याला क्वेरीच्या उत्तरासाठी थांबायची गरज नाही. २२ असो वा २५, ७८ तर नक्कीच नाही.