लेहचं थंडीचं डिझेल आणि पडलेलं ॲव्हरेज, ड्रायव्हर खरं बोलतोय का?

दहाचाकी_कराड:
नमस्कार मंडळी. आपली बीएस-6 दहाचाकी नोव्हेंबरात मशिनरी घेऊन लेहला गेलेली, इकडं हायवेला लोडमध्ये 4 चं ॲव्हरेज देणारी गाडी श्रीनगर ते लेह आणि परत 3 वर आली. ड्रायव्हर म्हणतो मालक तिकडं थंडीचं वेगळं डिझेल मिळतं, पातळ असतंय, त्यात दम नाही, गाडी चढाला ओढतच नव्हती. आता हे खरं का डिझेल वाटेत कुठंतरी उतरलं? पोरगा विश्वासातला आहे पण एवढा फरक पचत नाहीये राव.

डिझेलमिस्त्री:
वेगळं डिझेल मिळतं हे खरंय. इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी विंटर ग्रेड आणलं, पानिपत रिफायनरीचं, पोअर पॉइंट (ज्याखाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) उणे 33. आपल्या साध्या डिझेलला थंडीत 3 आणि उन्हाळ्यात 15 डिग्रीपर्यंत मुभा असते. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात त्याचे कण धरतात आणि आधी फिल्टर चोक होतो, मग गाडी पिकअप सोडते, धक्के देते आणि बंद पडते. विंटर ग्रेडमध्ये हा मेणाचा जड भाग कमी म्हणून लिटरमागे ताकदही जरा कमी. पण जराच. अमेरिकेत रॉकेलसारखं जे नंबर वन डिझेल मिळतं ते नेहमीच्या नंबर टू डिझेलपेक्षा ताकदीत लिटरला साधारण 5 ते 8 टक्के हलकं पडतं. तेवढं धरलं तरी 4 चं 3.7 होईल, 3 कसं होईल? आणि एक सांगा, चढताना टाकीत पंजाब-जम्मूचंच डिझेल असणार ना, मग चढाला ओढत नव्हती त्याचा दोष लेहच्या पंपाला कसा?

फौजी_सातारा:
मिस्त्री बरोबर बोलले पण ड्रायव्हरला लगेच चोर ठरवू नका. लेह 3500 मीटरवर आहे, वाटेतली झोजिला खिंडही जवळपास तेवढीच. हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश राहते, टर्बो काही भरून काढतो पण लोडच्या गाडीला चढाला दम लागणारच, डिझेल कुठलंही असो. शिवाय बर्फात चेन बांधून फर्स्ट-सेकंडला रांगत जायचं. पहाटे टाकीखाली पेटती चिंधी धरून डिझेल पातळ करणारे ड्रायव्हर मी डोळ्यांनी बघितलेत, असला आगीशी खेळ नको म्हणून बरेच जण रात्रभर इंजिन बंदच करत नाहीत. तिथंच बघा तुमचं डिझेल.

एडमंटनकर:
कॅनडातून लिहितोय, इथं उणे 30 काही नवीन नाही. पंपवाले थंडी आली की आपोआप विंटर ब्लेंड देतात आणि दर वर्षी लोक त्यालाच शिव्या घालतात, खरं तर घट्ट झालेलं ऑइल, कडक टायर आणि आयडलिंग जास्त खातं. मोठा ट्रक उभ्या उभ्या तासाला 3 लिटरच्या आसपास पितो. तुमचाच हिशोब घ्या, श्रीनगर-लेह साधारण 420 किमी, जाऊन-येऊन 840. चारने 210 लिटर, तीनने 280. फरक 70 लिटर. रात्री दहा तास इंजिन चालू म्हणजे 30 लिटर आणि किलोमीटर शून्य, अशा दोन रात्री झाल्या की 60 गेले.

दहाचाकी_कराड:
हे डोक्यातच नव्हतं आलं 🙏 मग पुढच्या खेपेला थोडं रॉकेल मिसळलं तर? आमच्याकडचे जुने ड्रायव्हर तसंच करायचे म्हणतात.

डिझेलमिस्त्री:
अजिबात नको! जुन्या पंपाच्या गाड्यांनी ते सोसलं. बीएस-6 ला कॉमन रेल (प्रचंड दाबाने डिझेल फवारणारी सिस्टिम) आहे, रॉकेलला वंगण कमी, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर घासतात, सल्फरने मागची सायलेन्सरची सिस्टिम खराब होते ती वेगळी, आणि रेशनचं निळं रॉकेल टाकीत सापडलं तर केस. त्यापेक्षा वर जाताना टाकी कमी ठेवायची आणि लडाखात पोचल्यावर विंटर ग्रेड भरायचं, फिल्टरमधलं पाणी काढून एक नवीन फिल्टर केबिनमध्ये टाकायचा. ॲडब्लू (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) उणे 11 ला गोठतं, त्याच्या टाकीला हीटर असतो, तो चालतोय का ते इकडंच बघून घ्या.

दहाचाकी_कराड:
जीपीएस काढून बघितलं. वाटेत द्रासला रात्री आठ ते सकाळी सात इग्निशन ऑन, स्पीड झिरो. लेहलाही तसंच. पुढच्या वेळी भाडं ठरवताना हे आयडलिंग धरूनच बोलणार, पार्टी देते का नाही ते बघू.