क्लिफ्टन 9 चा शेवटचा जोड घ्यावा की 10 कडे वळावं?

रंकाळाफेरी
मंडळी, माझ्या पळायच्या बुटांचे, होका क्लिफ्टन 9 चे, दिवस भरले. सातशे किलोमीटर झाले. उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेचं रबर घासून आतला फोम दिसतोय, आणि फोमवर अंगठा दाबला की पडलेली सुरकुती जात नाही. राजारामपुरीतल्या एका दुकानात माझ्या मापाचा 9 चा शेवटचा जोड आहे, चांगल्या सवलतीत. शेजारीच 10, पूर्ण किमतीला.

माझं मत स्पष्ट आहे, जुनाच घ्यावा. 9 चा ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, 5 मिलिमीटर. 2025 मध्ये आलेल्या 10 ला तो 8 केलाय. वजन 248 ग्रॅमचं 278 झालं. फोम दोन्हींत एकाच जातीचा, ईव्हीए. नाव तेच ठेवलं, पण बूट दुसराच झाला की! दोन वर्षं ज्या मापाला पोटरी सरावली, ते मी का सोडू?

टेंबलाईची चढण
दादा, मी उलट बाजूची. तीन मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण माझ्या पायाला विचारा. गेल्या वर्षी कमी ड्रॉपचे बूट घेतले (कंपनी कुठली ते राहू दे) आणि टेंबलाईच्या चढावर महिन्याभरात टाचेमागची धोंडशीर धरली. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा पावलं भिंतीला धरून. टाच उंच असली की घोटा कमी वाकतो, शिरेवरचा ताण हलका होतो. 10 मध्ये केलेला बदल मला तरी योग्यच वाटतो. चाळिशीनंतर सगळ्यांच्याच पोटऱ्या लवचीक राहत नाहीत.

तांबडी माती
ताई, ताण कुठं जात नाही, तो गुडघ्याकडं सरकतो. जोतिबाच्या उतारावर उंच टाचेच्या बुटात माझे गुडघे बोलायला लागतात. लहानपणापासून तालमीत बैठका, सपाटे मारलेत, पोटऱ्या घट्ट आहेत. मला 5 च बरा. भावा, घेऊन टाक.

उपाशीपोटी दहा
थांबा जरा. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी 553 हौशी धावपटूंना 10, 6 आणि 0 ड्रॉपचे बूट देऊन सहा महिने नोंदी ठेवल्या होत्या, 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. एकूण दुखापतींत फरक दिसला नाही. पण अधूनमधून पळणाऱ्यांना कमी ड्रॉपमध्ये दुखापती कमी झाल्या, नियमित पळणाऱ्यांना जास्त. रंकाळाफेरी, तू आठवड्याला पाच दिवस पळतोस. मग हा निष्कर्ष तुझ्या विरोधात जातो.

रंकाळाफेरी
दादा, त्यांना बूट वाटून दिले होते. मी दोन वर्षं याच मापात पळतोय आणि एक दिवसही लंगडलो नाही. माझ्या पायाबद्दल माझी वही जास्त सांगते.

कळंब्याचा वारा
ड्रॉप राहू दे बाजूला, माझा आक्षेप शिळ्या मालावर आहे. खोक्यात पडून पडून ईव्हीए कडक होतो, गोंद कोरडा पडतो. असाच स्वस्तातला जुना जोड घेतला होता मी, दुसऱ्या कंपनीचा. जुलैत दोनदा भिजला, पेपरचे बोळे कोंबून वाळवला, तिसऱ्यांदा तळ चवड्यापाशी उघडला. आपल्याकडच्या पावसात गोंद कच्चा असून चालत नाही. खोक्याच्या स्टिकरवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

रंकाळाफेरी
हे पटलं. आज संध्याकाळी जाऊन स्टिकर वाचला, ऑक्टोबर 2024. दोन्ही बूट वाकवून बघितले, गोंदाची रेघ सलग आहे. अंगठा दाबला तर फोम लगेच वर आला. घेतला.

टेंबलाईची चढण
घेतलात ते ठीक. पण हा जोड संपला की 9 आणणार कुठून? तेव्हा 8 वर एकदम उडी मारण्यापेक्षा आत्तापासून आठवड्यातला एक दिवस जास्त ड्रॉपवर पळा.

रंकाळाफेरी
नाही ताई. तेव्हा पाच-सहा ड्रॉपचा दुसऱ्या कुठल्या कंपनीचा मिळेल तो घेईन. उद्या पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर आहे. पहिली फेरी झिजलेल्या जोडावर, दुसरी नव्यावर. पोटरीला काय फरक पडतो ते इथंच लिहितो.