स्कॉटिश-आयरिश पूर्वजांच्या नोंदी कुठे शोधाव्यात?

गौरी_टोरांटो:
नमस्कार मंडळी. माझं सासर मूळचं स्कॉटिश. सासरे ऐंशी पार केलेले, आणि आपलं मूळ गाव कळावं ही त्यांची फार इच्छा आहे. त्यांच्या आजोबांचा जन्म ग्लासगोचा, साधारण १८८० चा. आजोबांचे आईवडील आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातून आलेले, पण गावाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आजोबांचे एक चुलते पलटणीत होते, ते पुण्यात वारले म्हणतात. सुरुवात कुठून करू? पैसे कुठे भरावेत?

जुने_कागद:
गौरीताई, आयर्लंड तूर्त बाजूला ठेवा. आधी आजोबांचा जन्मदाखला काढा. स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १८५५ पासून आहे आणि तिथले दाखले फार बोलके असतात. त्या काळच्या जन्मदाखल्यात आईचं माहेरचं आडनाव असतं, शिवाय आईवडिलांचं लग्न कधी, कुठे झालं तेही. ते मेयोत झालं असेल तर निम्मं काम झालं! मग पणजोबा-पणजींचे मृत्युदाखले बघा, त्यांत त्यांच्याही आईवडिलांची नावं असतात. हे सगळं 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर आहे. शोध फुकट, दाखला उघडायला थोडे पैसे. भरायचे तर इथेच भरा.

मृण्मयी_डब्लिन:
जुने_कागद यांच्याशी सहमत. आयर्लंडबद्दल थोडं सांगते. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, म्हणून लोक आधीच हात टेकतात. तसं करू नका. कॅथलिक चर्चच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच होत्या, त्या वाचल्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. अक्षर लागायला वेळ लागतो आणि बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये आहेत, पण नेटाने वाचा. तुमच्या पणजोबांचा जन्म सरकारी नोंदणीच्या, म्हणजे १८६४ च्या आधीचा असणार, तेव्हा याच वह्या कामाच्या. लग्न मात्र 'आयरिश जीनिऑलॉजी' या सरकारी संकेतस्थळावर फुकट सापडेल. आयरिश आडनावाच्या सुरुवातीला येणारा 'ओ' गाळूनही शोधा, एकाच घरात दोन्ही रूपं आढळतात.

गौरी_टोरांटो:
दोघांचेही मनापासून आभार. आज रात्रीच बसते. पुण्याच्या चुलत्यांचं काय करू?

कॅम्पातला_वाचक:
ताई, त्यासाठी पुण्यातली दफनभूमी पालथी घालू नका. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या सूचीत नाव फुकट शोधता येतं. दफनाच्या नोंदीत बहुधा वय, हुद्दा आणि पलटण मिळते. पलटण कळली की इथे लिहा, पुढचं सांगतो.